उसनी चाचणी

सन दोन हजार एकोणीस. हिवाळा सरत आला होता, तरी भर दुपारी अंगातला स्वेटर निघत नव्हता. मुलाच्या खोलीतला दिवा गेला होता, तो बदलायला मी स्टुलावर चढलो होतो.

माझा जन्म विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात गेला. मुलगा संगणकातला. लॅपटॉपच्या पोटात एक बारीक चिप असते. पंखा किती फिरवायचा, बॅटरी किती तापू द्यायची, हे ती बघते. त्या चिपला हुकूम देणारा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात त्याला, माझा मुलगा सांभाळायचा. फुकट. कोणीही घ्यावा, कोणीही सुधारणा पाठवावी. पण मुलाने मंजूर करून आत घेतल्याशिवाय एक अक्षर बदलत नसे.

सगळे लॅपटॉप तो कुठून आणणार? ज्याच्याकडे यंत्र, त्याने चाचणी करायची, अशी त्यांची रीत. एका जुन्या मॉडेलसाठी एकच माणूस होता. दूर राहणारा, कधी न भेटलेला. मुलगा बदल पाठवी, तो आपल्या यंत्रावर चालवून कळवी. वर्षानुवर्षं.

"अहो, एवढी तापल्यावरही चार्जिंग चालू ठेवायचं?" त्या दुपारी मुलाच्या पडद्याकडे बघत सूनबाई म्हणाली. "बॅटरी फुटली तर?"

"त्याची फुटेल. आपली थोडीच?" मुलगा हसला. बदल त्या माणसाकडे गेला.

त्या माणसाचं उत्तर आलं नाही. त्याच्या बहिणीचं आलं. बॅटरी फुटली तेव्हा यंत्र मांडीवर होतं. भाऊ गेला.

मुलाने बदल गुपचूप मागे घेतला. बहिणीला एक ओळ लिहिली नाही.

मग एका सकाळी मेल आला. पत्ता त्या मेलेल्या माणसाचा. 'तुझे सगळे बदल मी तपासले. आता माझा एक तू तपास. यंत्र पाठवलंय.'

"बहीण सूड घेतेय, दुसरं काय," मुलगा म्हणाला.

पार्सल दारात होतं. बेल कोणी ऐकली नव्हती. आत लॅपटॉप, कळा वितळून एकमेकींना चिकटलेल्या. जळक्या केसांचा वास. आणि पंखा फिरत होता. मोटारीचा आवाज मला कळतो. बेअरिंग कोरडं पडलं की ती घरघरते. ही घरघर नव्हती. थांबत थांबत... श्वास आत ओढल्यासारखं...

मुलाने यंत्र उलटं केलं. बॅटरीच्या जागी काळं भोक.

"बाबा... यात बॅटरीच नाही."

"मग घाबरतोस कशाला?"

"मला नाही करायचं. फेकून देऊ."

"फेकून? घेताना गोड लागलं, देताना कडू होय रे?"

"बाबा, नका ना त्यांना हे करायला सांगू," सूनबाई कुजबुजली.

"तू मध्ये पडू नकोस. या घरात कुणाचं उसनं राहत नाही."

मुलगा बसला. समोर टेबल रिकामं होतं. तरी यंत्र त्याने मांडीवर घेतलं. बदल चढवला. पंखा थांबला. खोलीत कुणी श्वास रोखून धरावा तशी शांतता.

"बाबा... गरम होतंय."

"मग ऊठ."

"उठता येत नाही..."

ज्वाळा त्या भोकातून आली. मी यंत्र ओढलं. ते मांडीला चिकटलं होतं. माझ्या तळहातांची कातडी तिथेच राहिली. मुलगा शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होता.

"आजोबा, पेटलं तरी काय?" बंबावरचा माणूस पुन्हा पुन्हा विचारत होता. "यात जळण्यासारखं काहीच नाही."

मुलगा गेल्याचं त्याच्या लोकांना कळवायला सूनबाईने त्याचा संगणक उघडला. ड्रायव्हरमध्ये नवा बदल शिरला होता. पाठवणारा, तो मेलेला माणूस. चाचणी करणारा, माझा मुलगा. आत घेणाराही माझाच मुलगा. वेळ, आम्ही त्याला उचलून नेल्यानंतरची.

देणं फिटलं.