बहिरी बैठक

कोल्हापुरात एव्हाना प्रत्येक तालमीत दोन आखाडे झाले होते. एक तांबड्या मातीचा आणि दुसरा शेजारच्या खोलीतला, पडद्याचा आणि कन्सोलचा. मातीत उतरणारी पोरं कमी झाली होती, पण पेठापेठांची खुन्नस काही कमी झाली नव्हती. ती तशीच्या तशी उचलून लोकांनी पडद्यावर नेऊन ठेवली होती. फायनलच्या दिवशी दुकानं बंद राहत, हलग्या कडाडत आणि हरलेल्या पेठेत पुढं आठवडाभर कुणी कुणाशी धड बोलत नसे.

सगळ्यांत मानाचा खेळ होता ‘भुयार’. त्यात पडदा बहुतेक वेळ काळाकुट्ट असतो. समोरचा कुठून येतोय ते दिसत नाही, ऐकावं लागतं. पावलाचा आवाज, कपड्याची सळसळ, श्वास. त्यामुळे भुयार खेळणाऱ्याचा जीव हेडसेटमध्ये असतो, आणि चांगला हेडसेट घ्यायचा तर साधारण माणसाचा जीव जातो.

वाघजाई तालमीचा इंद्रजित सरनोबत हा असाच साधारण माणूस. उद्यमनगरात लेथ चालवायचा आणि संध्याकाळी भुयार खेळायचा. हात पक्का, डोकं थंड, पण एक खोड होती. आईची हाक आली की मान वळायची. वडील लवकर गेलेले, आईनं एकटीनं वाढवलेला मुलगा, आणि घर तालमीला खेटून. वनिताबाईंनी खिडकीतून “इंद्याऽऽ” केलं की हा तिकडं बघायचा आणि इकडं मरायचा. दोन फायनली त्यानं अशा घालवल्या होत्या. पेठेत त्यावरून जी चेष्टा चालायची ती इथं लिहिण्यासारखी नाही.

म्हणून तो हेडसेट घ्यायला निघाला. चष्म्याची काडी बसवून घ्यायची होती म्हणून वनिताबाईही बरोबर गेल्या.

दुकानदारानं दोन डबे पुढं ठेवले. “हे बघा भावा. ह्या महागाच्या हेडसेटात आवाजाची गाळणी हाय. घरातला कालवा ह्योच गाळतो, तुमच्या कानात फकस्त गेम येतो.”

“आन् हा?” इंद्रजितनं दुसऱ्या डब्यावर बोट ठेवलं. वर लिहिलं होतं, ‘एकतान’.

“ह्यात गाळणीच न्हाई. गाळणी तुमच्या कानातच तयार हुती. म्हणून तर निम्म्याहून स्वस्त. वापराल तसा कान शिकतो. पण गाळणी कानात बसली की लई भारी. महागाच्या वरचढ.”

“कानाला काय इजा न्हाई ना?” वनिताबाईंनी विचारलं.

“छ्या! आत काय जातच न्हाई, मावशी. कानामागं नुसती चकती बसती.”

“मग घे की ह्योच,” वनिताबाई मुलाला म्हणाल्या. “उगं महागाचं कशाला?”

त्यांच्या जागी तुम्हीआम्ही असतो तर आपणही हेच म्हणालो असतो.

एकतानचं पुस्तिकेतलं शिक्षण साधं होतं. खेळताना घरातल्यांनी आपापली कामं करावीत, बोलावं; खेळणाऱ्यानं लक्ष देऊ नये; एखाद्या महिन्यात कान आपोआप शिकेल. पण पुस्तिका वाचून तिच्यावर थांबेल तो कोल्हापूरचा वस्ताद कसला! वाघजाईच्या धनाजी वस्तादांनी तिच्यात आपल्या मातीची भर घातली. कुस्तीत जुनी रीत होती: पैलवान लढतीला तयार करायचा तर त्याच्याभोवती माणसं उभी करून आरडाओरडा करवायचा आणि त्यानं मान वळवली की पाठीत गुद्दा. वस्तादांनी तीच रीत पडद्यापुढं आणली आणि तिला नाव दिलं ‘बहिरी बैठक’.

“ज्या आवाजाला गडी हमखास वळतो, त्योच आवाज आणा,” वस्ताद म्हणाले. “परक्याच्या बोंबलण्याला कोण बी दाद देत न्हाई.”

तो आवाज कुणाचा हे पेठेला विचारायची गरज नव्हती. वनिताबाई रोज संध्याकाळी तालमीत येऊ लागल्या. इंद्रजितच्या पाठीमागं उभ्या राहून हाका मारू लागल्या. आधी लाजत, मग पदर खोचून. “इंद्या, जेवायला ये.” “इंद्या, अरे पडलो मी.” “इंद्या, साप!” पोरं हसून लोळायची. इंद्रजित सुरुवातीला वळायचा, मग त्याची मान नुसती हलायची, मग तीही हलेना. ज्या दिवशी आईनं घसा फुटेपर्यंत ओरडूनही तो ढिम्म बसून राहिला आणि पडद्यावरचा शेवटचा गडी मारून उठला, त्या दिवशी सगळ्या तालमीनं टाळ्या पिटल्या. वस्तादांनी वनिताबाईंना फेटा बांधला. त्या हसल्या, पण घरी जाऊन न जेवता झोपल्या.

त्या वर्षी वाघजाईनं फायनल मारली. मग काय, घराघरात एकतान आला.

इथं थोडं शास्त्र सांगायला हवं. कानाकडून मेंदूकडं नसा जातात हे आपण शाळेत शिकतो. मेंदूकडून उलट कानाकडं येणाऱ्याही नसा असतात, हे कुणी फारसं सांगत नाही. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. आलेला आवाज त्या वाढवतात, म्हणून आपल्याला कुजबुज ऐकू येते. उलट येणाऱ्या नसांचं काम या पेशींना आवरण्याचं. कुठला आवाज वाढवायचा आणि कुठला तिथंच मरू द्यायचा, हे मेंदू त्या नसांतून कळवतो. एकतान याच नसांना हलकेच डिवचायचा. आवाज आला आणि खेळणाऱ्यानं दाद दिली नाही, की एक डिवचणी. पुन्हा आला, पुन्हा दाद नाही, पुन्हा डिवचणी. वर गेममध्ये जिंकल्याचा आनंद. असं पुष्कळदा झालं की मेंदू समजून चुकतो की हा आवाज कामाचा नाही, आणि मग हेडसेट डोक्यावर असो वा नसो, तो आवाज दारातच अडवला जातो.

घरात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि का आलं नाही ते उघड आहे. मुलगा आईला ओ देत नाही ही काय बातमी झाली? इंद्रजितची बायको शलाका बँकेत होती, ती संध्याकाळी यायची आणि म्हणायची, “अरे, आई केव्हाच्या हाका मारतायत.” तो म्हणायचा, “मारल्या? बरं.” इंद्रजितला वाटायचं, आईचा आवाज वयानं बारीक झालाय. एकदोनदा तो म्हणालाही, “जरा मोठ्यानं बोल की.” वनिताबाईंना ते लागलं. त्या कमी बोलू लागल्या. समोर असल्या की ओठांवरून त्याला सगळं कळायचं, आणि मेंदू असा लबाड की ओठांवरून कळलेलंही ऐकल्यासारखंच वाटतं.

एका सोमवारी उद्यमनगराला सुट्टी होती. शलाका बँकेत. शेजारचे लग्नाला गेलेले. दुपारी वनिताबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. इंद्रजित पुढच्या खोलीत बसून लसूण सोलत होता. डोक्यावर हेडसेट नव्हता, टीव्ही बंद होता. रस्त्यावरचा भंगारवाला त्याला ऐकू आला. कुकरची शिट्टी ऐकू आली, त्यानं उठून गॅस बारीक केला. मग आई झोपली असेल म्हणून तोही आडवा झाला.

शलाका आली तेव्हा तिला आवाज जिन्यातच ऐकू आला. घोगरा, चिरकलेला, थांबून थांबून येणारा. ती वर धावली. इंद्रजित दारात उभा राहून तिला विचारत होता, “काय गं, पळत का आलीस?”

मिरजेच्या डॉ. नसीम मुजावर यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. शलाकाचा आवाज लावला, त्यानं हात वर केला. धनाजी वस्तादांचा लावला, हात वर केला. अगदी हळू लावला तरी केला. मग काचेपलीकडं यंत्राचे काटे नाचू लागले आणि तो वाट बघत बसला.

“लावा की, डॉक्टर.”

“लावलाय,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्या आईंचा आवाज आहे. केव्हाचा चालू आहे.”

इंद्रजितनं काचेतून ते नाचणारे काटे पाहिले.

“मी बहिरा झालोय व्हय?”

“नाही. मिक्सर चालू असताना फोनवरचं बोलणं तुम्हाला कळतं ना? मेंदू मिक्सरला मागं ढकलतो. मिक्सर थांबला की ढकलणंही थांबतं. तुमच्या मेंदूनं आईंना मिक्सरच्या जागी बसवलंय. आणि तो थांबायला तयार नाही.”

“माझ्याच आईला का पण? मला तिचाच आवाज सगळ्यांत आधी ऐकू यायचा.”

“म्हणूनच. दुर्लक्ष करायला सगळ्यांत जड गेला तो आवाज, म्हणून त्याच्यावरच सगळ्यांत जास्त मेहनत झाली.” डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. “या महिन्यात असे बरेच जण आले. कुणाचा आवाज गेला ते मी प्रत्येकाला विचारते. एखाद्याची बायको, एखाद्याचं लेकरू. बाकी सगळ्यांच्या आया.”

“उपाय?”

“आहे. कानाला उलट शिकवायचं.” त्यांनी कपाटातून एक छोटा दिवा काढला. “हा फक्त तुमच्या आईंच्या आवाजावर लागतो. त्यांनी तुम्हाला हाक मारायची. दिवा लागला की लगेच ओ द्यायची, उठून जवळ जायचं, हात धरायचा. न ऐकता. हजारो वेळा. हाक आली की काहीतरी चांगलं होतं, हे मेंदूला पटलं की तो दार उघडतो. पण हाक त्यांनी मनापासून मारायला हवी. ध्वनिमुद्रण चालत नाही, ते मी करून पाहिलंय. माणूस बोलावतो तेव्हा आवाज वेगळा असतो.”

म्हणजे सगळं वनिताबाईंच्या हातात होतं.

डॉक्टर स्वतः कोल्हापुरात आल्या. पलंगापाशी खुर्ची ओढून त्यांनी नसांचं, पेशींचं, चकतीचं सगळं समजावून सांगितलं. वनिताबाईंनी नीट ऐकून घेतलं. त्या बुद्धीनं मंद नव्हत्या.

“समजलं बाई,” त्या म्हणाल्या. “पण मी तांब्या आपटत हुतो फरशीवर. त्यो आवाज माझा न्हाई. त्यो ऐकला का त्यानं?”

डॉक्टरांनी इंद्रजितकडं पाहिलं. तो आईच्या ओठांकडं बघत होता. त्याला प्रश्न कळला.

“ऐकला,” तो म्हणाला. “वाटलं, भांडी घासतीयास.”

वनिताबाईंनी त्याच्याकडची नजर काढली.

“माझ्या मनात त्याच्याबद्दल राग न्हाई,” मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “पण त्या दिवशी मी किती हाका मारल्या ते माझं मला ठाऊक. आधी तालमीत लोकांपुढं मारल्या, मग न्हाणीत एकटीनं मारल्या. माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई. पाणी लागलं तर शलाका हाय.”

“आई, एकदा. एकदा मार.” इंद्रजितनं तिचे पाय धरले. त्यानं एकतान कधीच फोडून टाकला होता. त्याचा काहीच उपयोग नव्हता, कारण एकतान जे करायचा ते आता त्याच्या डोक्यातच राहायला आलं होतं. “तुझ्या आवाजाशिवाय मला घर घर वाटत न्हाई गं.”

तिनं कूस बदलली आणि तोंड भिंतीकडं केलं.

तेव्हापासून ती तशीच झोपते. पलंग भिंतीला लागून आहे, त्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसत नाही आणि ओठही दिसत नाहीत. इंद्रजितनं लेथवर रात्रपाळी मागून घेतली. तो दिवसभर पायथ्याशी बसतो, दिवा गुडघ्यावर ठेवून. शलाका घरात असली की तो मधूनमधून लागतो, ती पाणी आणते, कूस बदलायला हात देते. शलाका नसली की दिवा विझलेला असतो. वनिताबाई घसा कोरडा पडला तरी तिची वाट बघतात.

काल दुपारी शलाका औषधं आणायला गेली होती आणि दिवा लागला.

इंद्रजित ताडकन उठला. “ओ, आई!”

दिवा विझला, पुन्हा लागला.

“ओ! हाय मी इथंच. बोल.” त्यानं तिचा खांदा धरला, मग तिच्या केसांवरून हात फिरवला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच सगळं केलं. ती वळली नाही, पण दिवा लागत राहिला, थांबून थांबून, माणूस बोलताना थांबतो तसा. त्याचे डोळे वाहू लागले. प्रत्येक वेळी तो ओ देत होता. इतक्या महिन्यांनी, शलाका घरात नसताना आईनं तोंड उघडलं होतं आणि खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. त्यानं श्वास रोखून कान दिला. पंख्याचा आवाज येत होता, खाली कुणीतरी गाडी चालू करत होतं.

शलाका औषधांची पिशवी घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली.

“शलाका, बघ! आई हाका मारतीया मला. बघ, दिवा बघ.”

तिनं पुढं होऊन सासूच्या उशीकडं पाहिलं. भिंतीच्या बाजूला, गालाखाली, फोन होता. ती वाकली तेव्हा पलीकडचं बोलणंही तिला ऐकू आलं.

“सांगलीच्या मावशींशी बोलतायत,” ती हळू म्हणाली.

“मग? काय म्हणतीया? माझं नाव घेतलं का न्हाई? घेतलंच असणार.”

“घेतलं.”

“काय म्हणाली?”

दिवा पुन्हा लागला. सवयीनं त्याच्या तोंडून ओ गेली.

“मावशी विचारत होत्या, मघापासून ओ, ओ कोण करतंय,” शलाका म्हणाली. “इंद्या हाय काय तिथं, म्हणून. आई सांगतायत, घरात कोणी न्हाई.”