शहाण्णवच्या पुढे

दरवर्षी मे महिन्यातल्या एका गुरुवारी आम्ही तीन ठिकाणं करायचो. सकाळी शहरातल्या बागेचं प्राणिसंग्रहालय, दुपारी वाळवंटाच्या कडेचा उंटांचा फार्म आणि शेवटी पीत नदीच्या काठचं मत्स्यबीज केंद्र. ही हौस माझ्या बायकोची, ग्वेईश्यांगची. मत्स्यबीज केंद्रात तिने एकतीस वर्षं नोकरी केली, तरी सुट्टीच्या दिवशीही शेवट तिथेच व्हायचा. मी हसायचो. ती म्हणायची, तुम्ही जन्मभर वाळूत काड खोचलं, तुम्हाला माशांतलं काय कळणार.

खरंच होतं ते. रेल्वेमार्गावर वाळू चढू नये म्हणून वाळूत गव्हाच्या काडाचे चौकोन खोचायचे, हेच माझं काम होतं. हात हात लांबीचे चौकोन, मैलोन् मैल.

तिचं काम मोजणीचं. माशाची पिल्लं एकेक करून मोजता येत नाहीत. एका वाटीत किती मावतात ते एकदा मोजतात आणि मग नुसत्या वाट्या मोजतात. वाटी ओतली की मोजणारी बाई आकडा गाऊन सांगते आणि वाटीने हौदाच्या काठावर दोनदा वाजवते. ग्वेईश्यांगचा पहिला ठोका हलका असायचा, दुसरा जोरात. शंभर वाट्या झाल्या की एक मोजणी पूर्ण.

मागच्या वर्षी मेमध्ये ती शहाण्णव म्हणाली, दोनदा वाजवलं आणि हौदाच्या काठावर बसली. ती पुन्हा उठली नाही.

केंद्रातली रीत अशी की अर्धी राहिलेली मोजणी घरच्या माणसानेच पूर्ण करायची. तोवर त्या बाईला कुणी गेली म्हणत नाहीत. ती 'मोजणीवर आहे' असं म्हणतात. केंद्राच्या फळ्यावर तिचं नाव तसंच होतं. तिची तामचिनीची वाटी खिळ्याला टांगलेली होती. उरलेली पिल्लं चार नंबरच्या हौदात वेगळी ठेवली होती. केंद्रप्रमुख लाओ थानने मला तीनदा बोलावलं आणि मी तीनदा कारण सांगितलं. कुठेतरी ती अजून मोजणीवर आहे, एवढंच माझ्याकडे उरलं होतं.

यंदा त्या हौदाची डागडुजी निघाली, म्हणजे तो रिकामा करणं भाग होतं. मग माझी मेहुणी रुईफन आपली तीनचाकी घेऊन दारात आली.

"दाजी, अंघोळ झाली का? का आजपण ताप आलाय?"

मी म्हणालो, गुडघा दुखतोय.

"गुडघ्यावर चालायचं नाहीये, मागे बसायचंय. अंडी उकडलीत मी. ताईच्या पद्धतीने तिन्ही ठिकाणं करू, मग मोजा नाहीतर रडा, काय ते करा."

रुईफनपुढे कुणाचं चालत नाही. निघालो. हवा छान होती. वाळूतही तगणारी शाझाओची झाडं बारीक पिवळ्या फुलांनी भरली होती आणि रस्ताभर त्यांचा गोड वास होता. वर्षभरात पहिल्यांदा मला सकाळी भूक लागली.

प्राणिसंग्रहालय लहान आहे. दोन अस्वलं, मोर, माकडं आणि एक म्हातारी डोंगरी मैना. ग्वेईश्यांग दरवर्षी या मैनेसमोर उभी राहून मोजणी गायची आणि मैनेने ती उचलली होती. अगदी तिचाच आवाज. मी मोरापाशीच थांबलो. रुईफनने ढकललं.

मैनेने मला पाहिलं, मान वाकडी केली आणि ग्वेईश्यांगच्या आवाजात सुरू झाली. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. शहाण्णव. मग चोचीने गजावर दोनदा वाजवलं. एक हलका, एक जोरात. आणि गप्प.

"पूर्वी शंभरपर्यंत म्हणायची," दाणे टाकणारी बाई म्हणाली. "गेल्या वर्षापासून इथेच थांबते. म्हातारी झाली."

या बाईला ग्वेईश्यांगचं काहीच माहीत नव्हतं. रुईफनने माझ्याकडे पाहिलं आणि अंड्याचं टरफल सोलत राहिली. मला भीती वाटायला हवी होती. पण मला तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं की मी तिथेच दोन अंडी खाल्ली आणि चहाचा थर्मास बाकावर विसरलो.

उंटांच्या फार्मवर केस गळायचे दिवस होते. उंट अर्धे उघडे, अर्धे जुन्या गोधडीसारखे दिसत होते. रुईफन म्हणाली, सगळे दाजींसारखे दिसतायत. आम्ही उंटिणीचं दूध प्यायलो, रुईफनला त्याच्या पांढऱ्या मिशा आल्या आणि मी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसलो.

तिथे एक म्हातारी उंटीण आहे. ग्वेईश्यांग तिला मीठ चाटवायची आणि मग तिच्यावर बसून कुंपणाला एक फेरी मारायची. मी मीठ पुढे केलं. उंटिणीने चाटलं. मग कुणी न सांगता ती खाली बसली.

मी बसणार नव्हतो, रुईफन तर उंटाला घाबरते. उंटीण थोडा वेळ थांबली. मग ओझं असताना कण्हते तशी कण्हत उठली, आधी मागचे पाय, मग पुढचे. कुंपणाला सावकाश एक फेरी मारली, परत आमच्यासमोर बसली आणि थांबली. पुन्हा उठली तेव्हा न कण्हता, झटक्यात उठली.

रुईफनने ओठ पुसले.

"बघा," ती म्हणाली, "ताई फुकटात फिरली."

आम्ही दोघंही हसलो. मी उंटिणीच्या पाठीवर हात ठेवला. दोन वशिंडांच्या मधले केस दबलेले होते आणि ओले होते. आठ महिने तिकडे थेंब पडला नव्हता. हाताला हौदातल्या पाण्याचा वास आला. रुईफनला मी ते सांगितलं नाही. मी खुशीत होतो, इतकंच मला आठवतं.

केंद्रावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. लाओ थान फाटकातच उभा होता. म्हणाला, पिल्लं आता वीतभर झालीत, वाटीत मावायची नाहीत. टोपलीने मोजू. एका वाटीला एक टोपली, म्हणजे चार. प्रत्येक टोपली सरळ नदीत सोडायची, तिला तेच आवडेल.

त्याने खिळ्यावरची वाटी काढून माझ्या हातात दिली. मी तो खिळा बघत राहिलो.

"थान," मी म्हणालो, "शंभर म्हटलं की तुम्ही फळा पुसणार."

"पुसावा लागेल, दादा."

"मग मी नाही म्हणत."

रुईफनने माझ्या हातातली वाटी सरळ केली. मग हळूच म्हणाली, "दाजी, वर्ष झालं ती पाण्यात उभी आहे. तिचे पाय दुखत नसतील का?"

मी चपला काढल्या.

पहिली टोपली ओतली. माशांच्या पाठी उन्हात पितळेसारख्या चमकल्या आणि गढूळ पाण्यात गेल्या. सत्त्याण्णव. मी दगडावर वाटी वाजवली. दुसरी ओतली, अठ्ठ्याण्णव. केंद्रातल्या बायका काठावर जमल्या आणि माझ्या बेसूर गाण्याला हसायला लागल्या. मलाही हसू येत होतं. नव्याण्णव. चौथ्या टोपलीतला एक मासा उडाला, तोंडात पाणी गेलं आणि मला ठसका लागला. दोनदा खोकलो, मग म्हणालो, शंभर.

वाजवायचं मात्र राहिलं. हात ओला होता, वाटी निसटली. थानने ती उचलून मला देऊन टाकली.

परत येताना थर्माससाठी बागेत थांबलो. मैनेला दाणे टाकणारी बाई तो घेऊन फाटकाशीच उभी होती.

"तुमच्या पायगुणाने मैना सुधारली," ती म्हणाली. "आज शंभरपर्यंत म्हणाली. फक्त शेवटचा आकडा बाप्याच्या आवाजात. आणि त्याच्याआधी दोनदा खोकली."

रुईफनने विचारलं, कधी.

"मी डबा खात होते तेव्हा. बाराला."

बाराला आम्ही उंटिणीचं दूध पीत होतो.

मी पिंजऱ्यापाशी गेलो. मैना माझ्याकडे बघत होती. तिने मान वाकडी केली.

एक, ती म्हणाली. माझ्या आवाजात.

मग चोचीने गजावर दोनदा. हलका, मग जोरात.

रुईफनने माझी बाही धरली आणि घरी येईपर्यंत सोडली नाही, त्यामुळे तिने तीनचाकी एका हाताने चालवली. मी तिला म्हणालो, अगं खड्डे बघ.

तेव्हापासून मी बागेत जातो. आधी गुरुवारी जायचो. दर वेळी मैना पुढचा एक आकडा सांगते, माझ्या आवाजात, आणि ठोके मात्र ग्वेईश्यांगचे. मी गेलो नाही तर आकडा पुढे सरकत नाही, असं ती बाई सांगते. मध्यंतरी मला सर्दी झाली, पंधरा दिवस गेलो नाही, तर मैना पंधरा दिवस गप्प होती.

पुढे मी एक दिवसाआड जायला लागलो. आता रोज जातो. तब्येत चांगली आहे, जेवण जातं, गुडघाही दुखत नाही. सकाळी दोन अंडी उकडतो आणि इस्त्रीचा सदरा घालतो. शेजारी म्हणतात, म्हातारा पुन्हा माणसांत आला.

तामचिनीची वाटी मी रुईफनला दिली. म्हणालो, वाजवायची सवय कर, घरचं माणूस लागतं. ती आधी हसली. मग तिने वाटी उलटी करून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली. आता रोज संध्याकाळी फोन करते आणि दुसरं काही न बोलता विचारते, दाजी, आज किती?

काल तिला मी साठ सांगितलं, खरा आकडा पंच्याण्णव होता.

आज सकाळी मैना शहाण्णव म्हणाली. दोनदा वाजवलं, पण रोजच्यासारखं तोंड फिरवलं नाही. पुढे झुकून माझ्याकडे बघत राहिली, हौदात पिल्लं उरलीत का हे बघायला ग्वेईश्यांग वाकायची तशी.

उद्या बाग आठला उघडते.