रिकाम्या टेबलाचं चित्र

रोज सकाळी पहिला पेशंट आत घेण्याआधी फडकंताई रिकाम्या टेबलाचं चित्र काढायची. स्कॅनच्या खोलीचा नियमच होता तसा. आदल्या दिवशीचं किरणोत्सारी औषध कुठे सांडलेलं असलं, चादरीला लागलेलं असलं, तर यंत्राला ते दिसतं. म्हणून आधी पाच मिनिटं कशाचंच नसलेलं चित्र काढायचं आणि पडदा काळाभोर आला की कामाला लागायचं.

फडकंताई हे नाव वॉर्डातल्या सिस्टरने ठेवलेलं. गेली तीन वर्षं हिच्या हातात सदान्‌कदा ओलं फडकं. टेबल पुसणार, कठडे पुसणार, चित्र काढण्याआधी बाळाचा डायपर एकदा बदलणार आणि वर पुन्हा एकदा. टेबल झिजून गेलं की बाळं काय कपाळावर ठेवणार आहेस, असं सिस्टर चिडवायची. ताई हसून न हसल्यासारखं करायची. कारण होतं, पण ते ती गिळून बसली होती.

त्या मंगळवारी आलेलं बाळ छप्पन्न दिवसांचं होतं. डोळ्यांच्या कडांपर्यंत पिवळं. आई विशीतली, झग्यावर दुधाचे दोन ओले डाग, आणि बोलायला लागली की थांबेना. सगळे म्हणाले उन्हात धर, म्हणून महिनाभर धरलं. तीच रापली, हा आपला पिवळाच. शी बघावी तर पांढरी, खडू कालवल्यासारखी. सोनोग्राफीत पित्ताशय धड दिसलं नाही, आणि तिथल्या डॉक्टरांनी तेवढंच लिहून हात झटकले.

ताईने तिला सावकाश समजावलं. पायाच्या शिरेतून थेंबभर औषध जातं. यकृत ते उचलतं आणि पित्ताबरोबर आतड्यात सोडतं. यंत्र फक्त ते कुठवर पोचलं एवढं बघतं. खाली आतड्यात ठिपका दिसला तर पित्ताची वाट उघडी, काळजी नको. उद्यापर्यंत यकृतच तेवढं उजळलेलं राहिलं तर वाट बंद, मग ऑपरेशन. आणि ते दोन महिन्यांच्या आत झालं तर खरं. पुढे एकेक दिवस महाग.

"म्हणजे चारच दिवस," आई म्हणाली. हिशेब तिने आधीच करून ठेवला होता.

पहिल्या दिवशीच्या चित्रांत यकृत लख्ख उजळलं. खाली अंधार. उद्या या, असं सांगून ताईने खोलीला कुलूप लावलं. किल्ली तिच्याच पर्समध्ये असायची.

बुधवारी सकाळी रिकाम्या टेबलाच्या चित्रात खाली उजवीकडे एक ठिपका होता.

ज्वारीच्या दाण्याएवढा, फिकट. ताईने चादरीवरून हात फिरवला. तळव्याएवढी जागा ओली होती. ओली आणि कोमट. औषध असेल तिथे तडतडणारं मीटर तिने वर धरलं, ते गप्प. एसीचं पाणी ठिबकलं असेल, असं तिने मनाला सांगितलं आणि चादर बदलली. दुसरं चित्र काळंभोर आलं. तिचा जीव भांड्यात पडला.

बाळाचा डायपर तिने तीनदा बदलला. आईच्या हातात बोट देऊन ते टेबलावर झोपलं. पडद्यावर चित्र कणाकणाने भरू लागलं. यकृत आलं. मग खाली, उजवीकडे, ठिपका आला. त्याच जागी.

मोठ्या डॉक्टरांना त्यांच्या खोलीतल्या पडद्यावर तेच दिसत होतं. फोन वाजला. ठिपका आहे, वाट उघडी आहे, घरी जाऊ दे. आईला अर्धंच ऐकू गेलं, पण तेवढं पुरलं. ती खाली वाकून बाळाच्या पावलांचे मुके घेत सुटली.

तीन वर्षांपूर्वी हेच शब्द होते. ते बाळ पन्नास दिवसांचं होतं. ताईची लेक तेव्हा चार महिन्यांची, घरी तापाने फणफणलेली, आणि नवऱ्याचा फोन सारखा वाजत होता. त्या घाईत बाळाचा डायपर बदलायचा राहिला. औषध थोडं लघवीतूनही उतरतं; ओला डायपर चित्रात हुबेहूब आतड्यासारखा दिसतो. बाळाला उचलताना तो हाताला जड लागला, तेव्हाच तिला कळलं. पण डॉक्टर बोलून गेले होते आणि आई हसत जिना उतरत होती. उद्या सांगू, असं ताई म्हणाली. ते बाळ चौथ्या महिन्यात परत आलं, तेव्हा पोट ढोलासारखं झालं होतं. नंतर आलंच नाही.

ताईने ह्या आईला बाळ घेऊन बाहेर बसायला सांगितलं. दार लावलं. रिकाम्या टेबलाचं चित्र लावलं.

ठिपका तिथेच होता.

चादर ओली होती. कोमट होती. मीटर गप्प.

तिने पुन्हा चित्र लावलं. या वेळी ठिपक्याच्या वर आणखी काही उमटत गेलं. फिकट, तिरकं. यकृत.

दोन्हींच्या मध्ये वाट नव्हती.

ती डॉक्टरांच्या खोलीत गेली, तेव्हा ते घरी पाठवायच्या कागदावर सही करत होते.

"सर, तो ठिपका ह्या बाळाचा नाही."

"मग कोणाचा?"

तिने मागचं दार लोटलं. मग तीन वर्षांचं सगळं एका दमात बाहेर पडलं: डायपर, फोन, जिना, आणि आज रिकाम्या टेबलावरही दिसलेला तोच ठिपका. डॉक्टर पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले.

"तीन वर्षं माझ्यासमोर बसून चहा पितेस तू," ते शेवटी म्हणाले. मग आवाज उतरला. "हे इथेच राहू दे. त्या वेळच्या आईला आता सांगून काय मिळणार?"

जुन्या कागदावर सही त्यांची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. ताईने मान डोलावली. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला किळस आली. डॉक्टरांनी समोरचा कागद फाडला आणि सर्जनला फोन लावला.

अठ्ठावन्नाव्या दिवशी पोट उघडलं. पित्ताची नळी सुकलेल्या दोऱ्यासारखी होती, बंद. सर्जनने आतडं थेट यकृताला जोडलं. काही आठवड्यांनी ती आई मुद्दाम वर आली आणि मिठाईचा पुडा सोडावा तसा डायपर उघडून दाखवला. शी हिरवट पिवळी. दोघी रडल्या. आई पेढे आणते म्हणाली. ताईने नको म्हटलं.

फडकं आता खुंटीवर असतं. सिस्टरने विचारलं, संन्यास घेतलास की काय? ताई पुढच्या पेशंटसाठी चादर अंथरायला लागली.

पेशंट टेबलावर असला की चित्र स्वच्छ येतं. सकाळचं तेवढं येत नाही. रोज थोडं जास्त भरतं. आता खांदे कळतात, गुडघे कळतात. परवा तिने पडद्यावरच्या पट्टीने माप घेतलं: चौऱ्याण्णव सेंटीमीटर. घरी दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीची पेन्सिलीची रेघ आहे, ती याच्या दोन बोटं वर. लेक आता मोठी झाली. मागच्याच महिन्यात तिचा रात्रीचा डायपर सुटला. शू लागली की उठून सांगते.

आज ताईने चित्र संपेपर्यंत वाट पाहिली आणि चादरीवरून हळूच हात फिरवला.

चादर कोमट होती. पण कोरडी.