अळणी खिचडीचं कोडं

वाघजळच्या शाळेतली खिचडी अळणी लागते, ही तक्रार पहिल्यांदा कोणी केली ते आता कोणालाच आठवत नाही. पण दिवाळीची सुट्टी संपली आणि ती रोजचीच झाली. मुलं दोन घास खायची, वरून मीठ घ्यायची, पुन्हा घ्यायची आणि तरीही अर्धं ताट तसंच टाकून उठायची.

खिचडी रांधायच्या विमलआत्या. सहावीतल्या केतकी भोईटेची त्या सख्ख्या आत्या. आत्या रोज थोडं थोडं मीठ वाढवत गेल्या. कधी जिरं जास्त घातलं, कधी लसणाची फोडणी दिली. तक्रार मात्र थांबेना. शेवटी शाळा समितीने तालुक्याहून पाकयंत्र (स्वतः मोजूनमापून स्वयंपाक करणारं यंत्र) मागवलं. आत्यांनी स्वयंपाकघराची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि घरी गेल्या. केतकी त्यांच्याजवळ जाऊन बसली, तेव्हा त्या आपले तळहात बघत होत्या.

"माझ्या हातालाच काहीतरी झालं असेल गं," त्या म्हणाल्या.



पाकयंत्र आलं. ते मीठ कणाकणाने मोजायचं. पहिल्या दिवशी मुलं कौतुकाने जेवली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, हीसुद्धा अळणीच आहे. मग यंत्राच्या आकड्यांतही मीठ वाढवलं गेलं. आत्याचा दोष नव्हता हे केतकीला कळलं आणि तिला बरं वाटलं. पण मग दोष होता तरी कशाचा?

त्याच आठवड्यात डॉ. रेहाना मुजावर गावात आल्या. त्या मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणाऱ्या) होत्या आणि परिसरातल्या जमिनी तपासायला त्यांचा यंत्रमानव घेऊन आल्या होत्या. तो बुटका, चपट्या तोंडाचा होता आणि पुढच्या पंजांनी हळूच माती उकरायचा, म्हणून त्याचं नाव घूस. दुपारी डॉक्टरबाई मुलांच्या पंगतीत जेवायला बसल्या. पहिल्याच घासाला त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

खिचडी फारच खारट झाली आहे, असं त्या शेजारच्या गुरुजींना हळूच म्हणाल्या. गुरुजी बुचकळ्यात पडले. त्यांनी आत्ताच वरून मीठ घेतलं होतं.

केतकीने ते ऐकलं. जेवण झाल्यावर ती डॉक्टरबाईंना गाठून आत्याची सगळी हकीकत सांगू लागली. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"एकच खिचडी तुम्हाला अळणी लागते आणि मला खारट," त्या म्हणाल्या. "मग कोडं खिचडीत असेल का?"

केतकीने थोडा विचार केला. "नाही. ते आमच्या जिभेत असेल."

डॉक्टरबाईंना हेच उत्तर हवं होतं. त्यांनी तिला समजावून सांगितलं. आपल्या जिभेवर रुचिकलिका (चव ओळखणाऱ्या पेशींचे अगदी बारीक झुबके) असतात. त्यातल्या पेशी थोड्याच दिवसांत झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. नव्या पेशी घडवायला शरीराला जस्त नावाचा धातू लागतो. लागतो अगदी कणभर, पण तो कण मिळाला नाही तर चव मंदावते. जखमाही लवकर भरून येत नाहीत. हे ऐकताना केतकीचा हात आपोआप गुडघ्याकडे गेला. खो-खो खेळताना खरचटलेला गुडघा अजून ओलाच होता.

मात्र नुसत्या अंदाजावर थांबायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. आरोग्य केंद्रात मुलांचं रक्त तपासलं. बहुतेकांच्या रक्तात जस्त कमी निघालं.

आता पुढचा प्रश्न आला. इतक्या जणांचं जस्त एकदम कसं कमी झालं? त्या काळात आपल्या भागात पिकेल तेच आपल्या ताटात, अशी पद्धत सगळीकडे रुळली होती. लांबून धान्य आणणाऱ्या गाड्यांचा धूर त्यामुळे थांबला होता. पद्धत चांगलीच होती. पण याचा अर्थ असा, की सारं वाघजळ एकाच मातीतून जेवत होतं.

शाळेची खिचडी ज्वारीच्या भरड्याची. ती ज्वारी, वांगी आणि डाळ केतकीच्या वडिलांच्या, संपतरावांच्या रानातून यायची. आकाशातून खत टाकणारं उडतं यंत्र गावात पहिल्यांदा आणलं ते त्यांनीच. त्यांचं पीक दुपटीने वाढलं, तालुक्यात सत्कार झाला, आणि मग सगळ्या गावाने तेच यंत्र घेतलं. केतकी घूस आणि डॉक्टरबाईंना घेऊन त्याच रानात गेली.

घुशीने आधी बांधावर आपोआप उगवलेलं ज्वारीचं एक रोप निवडलं. तिथवर उडत्या यंत्राचं खत पोचत नव्हतं. तिच्या पाठीवरच्या पडद्यावर मुळं मोठी होऊन दिसली. त्यांच्याभोवती कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे पसरले होते. मग तिने रानातल्या ज्वारीची मुळं दाखवली. ती जाडजूड होती, पण धागे जवळजवळ नव्हतेच.

डॉक्टरबाई बांधावर बसल्या आणि सांगू लागल्या. हे धागे बुरशीचे. ही बुरशी पिकाला रोग करत नाही. तिचं आणि झाडाचं सहजीवन (एकमेकांच्या आधाराने जगणं) असतं. झाड पानांत साखर तयार करतं आणि त्यातली थोडी बुरशीला देतं. बदल्यात, मुळं जिथे पोचत नाहीत तिथून बुरशी स्फुरद (मुळांच्या आणि दाण्यांच्या वाढीला लागणारं द्रव्य) आणून देते, आणि त्याबरोबर जस्तही आणते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीत जस्त घट्ट अडकून बसतं. मुळांना ते एकट्याने सोडवून घेणं अवघड जातं.

"समजा, घरातच नळ आला," त्या म्हणाल्या. "मग विहिरीवर कोणी जाईल का?"

"नाही. वाटेवर गवत माजेल," केतकी म्हणाली.

तसंच इथे झालं होतं. खतातून स्फुरद भरपूर मिळायला लागल्यावर झाडांना बुरशीची गरज उरली नाही. त्यांनी साखर देणं कमी केलं आणि बुरशी उपाशी राहिली. पीक उंच वाढलं, कणसं भरली, पण जस्त आणणारी वाट बुजली. दाणा दिसायला टपोरा, आतून मात्र गरीब.

हे घरी कोण सांगणार? मी समजावते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. पण केतकीने ठरवलं, आपणच सांगायचं. बाबा ओसरीवर चहा घेत होते. तिने खिचडीपासून बुरशीपर्यंत सगळं सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला. ते रागावले नाहीत. उठून शेजारी बहिणीच्या घरी गेले. केतकीही मागोमाग गेली.

"विमल," ते म्हणाले, "उणं माझ्या रानात होतं आणि बोल तुला लागले."

आत्यांनी त्यांना बसायला पाट दिला आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून उपाय सुरू झाले. मुलांना काही काळ जस्ताचं औषध मिळालं. जेवणात हरभरा, तीळ आणि भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आल्या. रानाला मात्र धीराने सुधारावं लागणार होतं. संपतरावांनी स्फुरदाचं खत थांबवलं, शेणखत वाढवलं आणि डॉक्टरबाईंच्या सल्ल्याने जमिनीला चिमूटभर जस्त दिलं. ज्वारीच्या ओळींमध्ये तूर पेरली आणि धागे तुटू नयेत म्हणून नांगरट कमी केली. पहिल्या हंगामात पीक घटलं. ते पाहून गावातले बाकीचे शेतकरी मागे सरले. बाबा रात्री नीट झोपत नाहीत, हे केतकीला दिसत होतं.

मुलांच्या जिभा त्याआधीच ताळ्यावर आल्या होत्या. समितीने आत्यांना घरी येऊन परत बोलावलं. पाकयंत्राकडे भाज्या धुण्याचं आणि चिरण्याचं काम राहिलं, फोडणी आत्यांच्या हातची. खिचडीला मीठ पहिल्यासारखं बेताचंच लागू लागलं.

पुढच्या हिवाळ्यात घूस पुन्हा आली. या वेळी रानातल्या मुळांवरही पांढरी जाळी दिसली, आणि दाण्यांतलं जस्तही चांगलं वाढलं होतं. पीकही बरंच सावरलं होतं. केतकीने डॉक्टरबाईंना विचारलं, मातीत असं आणखी काय काय असेल, जे आपल्या अंगात येतं आणि आपल्याला माहीतच नसतं? पुष्कळ आहे, त्या म्हणाल्या, आणि ते शोधायला पुष्कळ माणसं लागणार आहेत.

पेरणीच्या दिवसांत एका सकाळी वरच्या आळीचे बापू घमेलं घेऊन दारात उभे राहिले. त्यांच्या मागे आणखी चारपाच जण होते. पूर्वी लोक संपतरावांकडे बियाणं मागायला यायचे. आज त्यांना माती हवी होती. ही माती आपल्या रानात मिसळली, की तिच्यातली बुरशी तिथेही पसरेल, हे त्यांना डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

केतकीने खुरपं घेतलं. तुरीच्या मुळांजवळची ओलसर माती तिने घमेल्यात भरली, वर गोणपाटाचा ओला तुकडा टाकला. बापूंनी घमेलं डोक्यावर घेतलं, तेव्हा बाबांनी खालून हात दिला.

"सावलीतून न्या बापू," ते म्हणाले. "जिवंत आहे ती."