आवाजवाल्याचं मानधन

जुन्या सामानाच्या दुकानात चिंगी दारावरच्या घंटा वाजवून बघत होती. बाहेर पावसाची रिपरिप, आत पत्र्याखाली उकाडा. तिने एक घंटा बाजूला काढली, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ती नका घेऊ. तिला सर्दी झालीये."

वळून पाहिलं तर विस्कटलेल्या केसांचा एक तरुण, बगलेत पत्र्याचा तुकडा धरून उभा.

"तुम्ही घंटांचे डॉक्टर का?"

त्याने पत्रा नुसता हलवला. आभाळ गडगडलं. चिंगीने दचकून वर पाहिलं आणि तो हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडते हे तिला तेव्हाच दिसलं. पण न पाहिल्यासारखं करून तिने दुसरी घंटा उचलली.

तो मुलांच्या नाटकांना आवाज पुरवायचा. घोड्याच्या टापा, वारा, भुतांचं हसणं... लोक त्याला आवाजवालाच म्हणत. आणि चिंगी होती शहरातल्या एका छोट्या चॅनलवर. चॅनल मामाचं. जाहिराती वाचून कंटाळलेल्या भाचीला त्याने एकदाचा खेळाचा कार्यक्रम दिला होता, पण हात आखडून. एक भाग कर, प्रायोजकाला आवडला तर पुढचे, नाहीतर त्या वेळेत मी गाद्यांची जाहिरात लावतो, असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं. चिंगीला मोठं फिरतं चाक हवं होतं. सुताराचा आकडा ऐकला आणि चाक डोळ्यांसमोरच फिरलं. आता उरल्या होत्या नुसत्या घंटा.

हे सगळं एका अनोळखी माणसाला, पाऊस उघडायची वाट बघता बघता, आपण कसं सांगून बसलो हे तिलाही कळलं नाही.

"चाक कशाला?" तो म्हणाला. "खेळणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधा आणि आवाज ओळखायला लावा."

"आणि घरी बघणाऱ्यांनी काय बघायचं?"

"पट्टी बांधलेली माणसं किती ठामपणे चुकतात... ते."

खेळ तिथेच ठरला.

मग मामाच्या रिकाम्या गोदामात तयारी सुरू झाली. मागे चादरी शिवून केलेला पडदा, मेकअपला पार्लरवाली मावशी, खुर्च्या शेजाऱ्यांच्या. चिंगी एकेक खर्च छाटत होती आणि आवाजवाला मानधनाचा विषय निघाला की हमखास पडद्यामागे गडप होत होता. रोज तो आवाज काढायचा आणि ती डोळे बांधून ओळखायची. साखरेच्या ताटलीत फिरणारी बोटं म्हणजे वाळूवरची पावलं, हे तिने पहिल्याच झटक्यात ओळखलं. पण एके दिवशी पट्टीची गाठ त्याने मारली. त्याची बोटं तिच्या कानामागून ओझरती गेली आणि त्यानंतर तिला साधा नळाचा आवाजही ओळखता येईना.

"काय झालं आज?"

"काही नाही... सर्दी."

"घंटेची लागली वाटतं," तो हळूच म्हणाला.

चित्रीकरणाच्या दिवशी माणसं जमली, दिवे लागले आणि ठरवलेल्या निवेदकाचा फोन आला. दुसरीकडे जास्त पैसे मिळत होते, तो येणार नव्हता. मामा म्हणाला, आता गाद्याच लावू. चिंगीने पदर खोचला.

"गाद्या राहू देत, मामा. मी उभी राहते."

उभी राहिली खरी, पण तोंडातून शब्द फुटेना. कॅमेरा रोखलेला, समोर शिंप्याचं कुटुंब आणि पोस्टातल्या बाईंचं कुटुंब डोळे बांधून ताटकळत बसलेलं... तेवढ्यात पडद्यामागून एक रेडकू लांबलचक, केविलवाणं ओरडलं.

"ऐकलंत?" चिंगीच्या तोंडून निघून गेलं. "भीतीने हा माझ्या पोटातून आवाज आला."

गोदाम हशाने भरून गेलं, आणि मग ती थांबलीच नाही. शिंप्याने घोरण्याला करवत म्हटलं, तेव्हा त्याची बायको म्हणाली, घरी रोज हीच करवत चालते. प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळली. शेवटी दोन्ही घरं बरोबरीत आली, आणि आवाज संपले होते.

"आणखी एक आवाज," पडद्याकडे बघत चिंगी म्हणाली. त्याच्याकडे तो असेल याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती.

मग स्पीकरमधून आलं... धड्-धड्, धड्-धड्.

शिंपी म्हणाला, शिवणयंत्र. पोस्टातल्या बाईंनी मान कलती केली. "हे काळीज आहे," त्या म्हणाल्या. "आणि कुणाचं तरी फार धावतंय."

उत्तर चिंगीलाही ठाऊक नव्हतं. तिने पडदा सारला. नाटकातल्या डॉक्टरची नळी छातीला लावून, नळीच्या टोकात माइक खुपसून आवाजवाला उभा होता, कानापर्यंत लाल. ती जसजशी जवळ गेली तसतशी धडधड वाढत गेली, आणि ती अख्ख्या गोदामाने ऐकली.

"बरोबर उत्तर," चिंगी कशीबशी म्हणाली. टाळ्यांनी पत्रे हादरले.

प्रायोजक पंख्यांचा व्यापारी होता. तो उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि जाताना तीन महिन्यांचे भाग पक्के करून गेला. मामाने भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. "चिंगे, नाक राखलंस."

माणसं पांगल्यावर ती आवाजवाल्यापुढे पाकीट घेऊन उभी राहिली. तो हात मागे बांधून.

"घ्या. फुकट काम मी कुणाकडून करून घेत नाही."

"घरच्या माणसाकडूनही?"

"घरच्याला मानधन नसतं. पण त्याने आधी घरचं व्हावं लागतं."

"मग..." त्याने मागे बांधलेले हात सोडले. "घरचा करून घेतेस?"

चिंगीने पाकीट शांतपणे पर्समध्ये परत ठेवलं आणि त्याचा हात हातात घेतला.

"बजेटात बसतोयस," ती म्हणाली.

पलीकडे मामाने मोठ्याने घसा खाकरला. तो आवाज मात्र दोघांपैकी कुणालाच ऐकू आला नाही.