जोतीरामचा घोटा

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मी म्हैस घेऊन उभी होते, आणि तो आला तो थेट तिच्या खुरांशीच आडवा झाला. सपाट फरशी. खड्डा न्हाय, दगड न्हाय.

"काय पावणं, म्हशीच्या पाया पडताय व्हय?" मी विचारलं.

अख्खा कट्टा हसला. तो मात्र घोटा धरून माझ्याकडं बघतच राहिला… आणि मला उगीचच पदर सारखा करावासा वाटला.

वडलांच्या गुडघ्यात वात, पाठीला भाऊ नाही, म्हणून गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास भरून द्यायचं काम माझ्याकडं आलेलं. पेठेतल्या बायका नाकं मुरडायच्या. मुरडू देत! माझ्या ग्लासावर असा फेस यायचा की पैलवान दुसऱ्या म्हशीकडं ढुंकून बघत नसत.

हा पैलवान नव्हता. आमच्या पेठेतल्या तालमीचा कुस्तीसारखा फुटबॉलचाही संघ होता, जोतीराम त्यात खेळायचा. डावा घोटा कधी तरी मुरगळला होता, तो कायमचा ढिला झालेला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दुधाला यायला लागला.

"आज नीट चालताय ते?"

"तू अजून बोलली न्हाईस न्हवं."

"म्हंजे?"

"तू बोललीस की घोटा वळतोय."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण खरंच — गप चालला की सरळ. मी काही विचारलं, त्यानं उत्तर शोधायला घेतलं, की पाय गेलाच!

त्याला खेळ शिकवणारे तात्या एकदा कट्ट्यावर आले. "पोरी, डोक्यात नुसता बॉल असला की ह्याचा पाय खांबागत. दुसरं काय शिरलं की घोट्याकडचं ध्यान सुटतंय. फायनलपतोर ह्याच्याशी बोलू नगंस."

मी काय कुणाच्या मागं लागलेली नव्हते. तोंड बंद केलं. आठवड्यात तात्या परत हजर.

"बोल गं बाई! सरावाला रोज पडतोय. तू का बोलंना, ह्याचाच इचार करतोय म्हणं."

"बोलले तरी पडतोय, न बोलले तरी पडतोय. मग मी काय निम्मं-निम्मं बोलू?"

तात्या डोकं खाजवत निघून गेले. ही माया म्हणायची, का नुसती पायाची खोड? कुणाला विचारावं?

फायनलच्या आदल्या दिवशी तो आला. ग्लास घेतला नाही.

"चिमणा, घोटा आणखी एकदा गेला तर खेळ कायमचा बंद. डाक्तरच म्हणालाय."

"मग इथं कशाला आलाय? घरात बसा की."

"डोक्यात एकच गोष्ट फिरतीया… माझ्याशी लगीन करशील? व्हय म्हण, न्हाय म्हण — कुठलं बी एक सांग. म्हंजे फिरायचं थांबंल."

कुठलं बी एक! अशी मागणी घालतात? मी नवरी व्हणार होते का घोट्याचा लेप? राग आला, आणि त्या रागातच हसूही फुटायला लागलं… माझं मलाच कळेना.

"व्हय!" मी ओरडलेच. "जावा आता, खेळा."

बायकांनी मैदानावर जायची तेव्हा रीत नव्हती. मी माडीवर उभी राहून लांबचा आरडाओरडा ऐकत होते. ओरडतायत ते गोल झाला म्हणून, का हा पडला म्हणून? जीव नुसता खालवर.

आमचा संघ हरला. पेठेत चुली थंड. आणि हा दुसऱ्या दिवशी दात काढत कट्ट्यावर!

"हरलाय न्हवं? मग हसताय काय?"

"घोटा वळला न्हाय. एकदाबी न्हाय." मग त्यानं मान खाली घातली. "काल तुला कोंडीत पकडलं म्या. ते 'व्हय' नुसतं घोट्यासाठी असंल तर… परत घे. मी रागावणार न्हाय."

ते कुणासाठी होतं — घोट्यासाठी, पेठेसाठी, का माझ्यासाठी? सकाळपासून मी तेच तर चाचपत होते. पण परत घे म्हटल्यावर असं झालं, जणू कुणी माझ्या दावणीची म्हैस सोडून न्यायला आलंय.

"आमच्या घरात दिलेलं परत घेत न्हाईत," मी म्हटलं. "उद्या आईला घेऊन या. वडलांकडं रीतसर मागणी घाला."

तो वळला, दोन पावलं गेला, थांबला.

"चिमणा… आता बोलू का चालू?"

"चाला की! बोलायला अख्खा जन्म पडलाय."