सतरा सेकंद

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादा मला नवा मोबाईल घ्यायला जामखेडला घेऊन गेले. दादा म्हणजे माझे वडील. यंदा मी दहावीला आहे. दिवाळीनंतर ते ऊसतोडीला गेले की मी आत्याजवळ राहणार, म्हणून चांगला फोन हवा, असं त्यांनीच ठरवलं. जुना देऊन नवा घ्यायचा होता.

जुना फोन आईचा होता. काच तडकलेली, मागचं झाकण रबर लावून बसवलेलं. गेल्या वर्षी संगमनेरकडे तोडणीला असताना आईने त्यात माझ्यासाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं. त्यांच्या पाचटाच्या कोपीत रेंज नसायची. रेंज आली की पाठवीन, असं तिच्या मनात असणार. दुसऱ्या दिवशी पहाटे उसाच्या फडात तिला साप चावला आणि ती गेली. फोन घरी आला तेव्हा ते मला सापडलं. सतरा सेकंद.

"सुके, जेवलीस का गं? हितं वारं लई हाय. दार नीट लावून घेत जा."

मागे उसाच्या पाल्याची सळसळ. रोज झोपताना मी ते ऐकायचे. दादांना हे ठाऊक नव्हतं.

दुकानात गर्दी होती. माझ्या वर्गातली पंकजा तिच्या आईबरोबर कव्हर घ्यायला आली होती. दुकानदार हर्षलने जुना फोन हातात घेतला आणि हसला.

"मामा, ह्याला आता पेन्शन द्या की."

पंकजाही हसली. दादा हसले. मी खाली बघितलं.

हर्षलने फोटो नव्या फोनमध्ये टाकले. मग त्याचं बोट थांबलं. "एक रेकॉर्डिंग दिसतंय. लावू का?"

पंकजा काउंटरवर वाकून बघत होती. तिच्यासमोर, त्या पंख्याच्या घरघरीत, आईचा आवाज 'सुके, जेवलीस का गं' म्हणणार... माझे कान तापले.

"काही ठेवायचंय का ह्यातलं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

त्याने तिथेच सगळं पुसून टाकलं. न वाजवताही ते ठेवता आलं असतं. नुसतं 'ठेवा' एवढंच म्हणायचं होतं. हे मला परतीच्या एसटीत सुचलं.

नवा फोन खरंच छान होता. काच इतकी काळी, की विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटे. घरी आल्यावर मी कुलपासाठी माझं बोट नोंदवलं. दादांचं नोंदवायला गेले, तर फोन घेईचना. कोयत्याने आणि उसाच्या पाल्याने त्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या आहेत.

"रेशनच्या मशिनीला बी असंच करतंय," दादा म्हणाले. "तुझ्या आईचं तर कधीच घेतलं न्हाई. राहू दे, तुझं एकटीचं बास."

आईच्या उजव्या अंगठ्यावर कोयत्याचा एकच तिरपा वण होता. अंगठा मधोमध दुभागल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि सहज कुलपाच्या बोटांची यादी उघडली. त्यात दोन बोटं होती. बोट १. बोट २.

मी माझं बोट टेकवलं. बोट १ उजळलं. शेतातून आल्यावर दादांना त्यांची दहाही बोटं टेकवायला लावली. काहीच उजळलं नाही.

"काय खूळ लावलंयस गं?" ते म्हणाले.

मी बोट २ काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी ते परत आलेलं होतं. फोन भिंतीतल्या देवळीत होता आणि घराला दिवसभर कुलूप. काचेवर चिकट ठसा उमटला होता. वास घेतला. उसाच्या रसाचा, जरासा आंबलेला. उजेडाकडे काच तिरपी धरली. ठसा अंगठ्याचा होता आणि त्याच्या मधोमध तिरपी रेघ होती.

मी ठसा पुसला नाही. फोन उघडला, तर समोर रेकॉर्डिंगची यादी होती. त्यात एकच रेकॉर्डिंग. तारीख गेल्या वर्षीची. सतरा सेकंद.

मला रडू आलं. परत आलं म्हणून. मी दाबलं.

आधी नुसतं वारं. उसाचा पाला. कोणीतरी जवळ येऊन श्वास घेतल्यासारखं... मग आईचा आवाज, अगदी हळू.

"काई ठेवायचं हाय का गं, सुके... ह्यातलं?"

मग पंख्याची घरघर. आणि माझा स्वतःचा आवाज, स्पष्ट.

"नाही. काही नाही."

ते संपलं तेव्हा दादा दारात उभे होते. हातात वैरणीचा भारा तसाच होता. चेहरा असा, की कोणीतरी लांबून हाक मारली असावी.

"कोन बोलत हुतं गं?"

मला सांगायला हवं होतं. त्यांनाही तो आवाज वर्षभर मिळाला नव्हता.

"कोणी नाही," मी म्हणाले.

त्यांनी भारा खांद्यावर घेतला. मग गोठ्याकडे गेले.

दिवाळी झाली. दादा परवाच कारखान्याच्या ट्रकमधून गेले. फोन माझ्याजवळ आहे. आज सकाळी यादी उघडली. रेकॉर्डिंग आता एकवीस सेकंदांचं झालंय.

शेवटचे चार सेकंद मी अजून ऐकलेले नाहीत.